कातरणांतून बाळासाठी गोधडी

पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात आणि इतरत्र गोधडी, ती मोठ्या माणसाच्या मापाची शिवायची तर महिना जातो. म्हणून पहिला प्रयत्न बाळाच्या गोधडीचा करावा. पुढील माप 29 इंच रुंद आणि 37 इंच लांब अशा गोधडीचे आहे.

कापड सुतीच घ्यावे. शिंप्याकडची कातरणे, जुने परकर, सदरे, विरलेली पातळे, काहीही चालते. मात्र जरीचा काठ बाळाच्या अंगाला बोचतो आणि सिंथेटिक कापड घाम टिपत नाही, म्हणून ती दोन्ही वगळावीत. नवे कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय कात्री लावू नये, कारण जुने कापड आटून झालेले असते आणि नवे पहिल्या धुण्यात आटते, त्यामुळे शेजारशेजारचे तुकडे एकमेकांना ओढू लागतात. रंगाचीही परीक्षा करावी : ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासावे, डाग उमटला तर ते वापरू नये. माझ्या पहिल्या गोधडीत लाल खणाचा एक तुकडा मी परीक्षा न करता घातला आणि पहिल्याच धुण्यात त्याच्या शेजारचे चारही पांढरे तुकडे गुलाबी झाले.

पुठ्ठ्याचा 5 इंचांचा चौकोन कापून त्यावरून 63 तुकडे आखावेत. चौकोनाची कड कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून असावी, कारण तिरपा कापलेला तुकडा ओढला की लांबतो. सात तुकड्यांची एक ओळ, अशा नऊ ओळी जमिनीवर मांडून पाहाव्यात, गडद आणि फिके रंग विखरून घ्यावेत आणि मगच अर्धा इंच शिवण सोडून जोडावेत. एका ओळीच्या शिवणी उजवीकडे आणि पुढच्या ओळीच्या डावीकडे दाबून इस्त्री केली की ओळी जोडताना कोपरे आपोआप एकमेकांत बसतात. तरीही एखादा कोपरा चुकला तर उसवत बसू नये. गोधडीला ते शोभते.

अस्तरासाठी जुन्या सुती साडीचा 33 × 41 इंचांचा तुकडा घ्यावा. मधल्या थरासाठी धोतराचे किंवा जुनेराचे दोन पदर पुरतात. सुटा कापूस भरू नये, कारण धुतल्यावर त्याचे गोळे होतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचे काम येते आणि नेमका त्याचाच बहुतेकांना कंटाळा असतो. अस्तर सुलट बाजू खाली करून फरशीवर ताणून पसरावे, त्यावर मधला थर, त्यावर जोडकाम ठेवावे, म्हणजे चारही बाजूंनी अस्तर दोन-दोन इंच बाहेर राहील. मग मध्यापासून कडेकडे, हाताने सुरकुत्या बाहेर सारत, चार-चार इंचांवर लांब कच्चे टाके घालावेत. गोधडीचा धावदोरा, म्हणजे सगळे थर एकत्र धरणारी साध्या टाक्यांची शिवण, कडेपासून आत येत जातो. कच्चे टाके घातलेले नसतील, तर कापडाचा ढिलेपणा त्याच्याबरोबर आत सरकत जातो आणि शेवटी मध्यभागी फुगा येतो, जो नंतर कशानेही जात नाही.

बाहेर राहिलेले अस्तर निम्मे दुमडून त्याची कड जोडकामाच्या कडेला भिडवावी, मग तीच घडी जोडकामावर आणावी. एक इंचाची किनार तयार होते. आधी लांब बाजू दुमडाव्यात, नंतर आखूड.

धावदोऱ्यासाठी जाड सुती दोरा दुहेरी ओवून घ्यावा आणि मेणावरून एकदा फिरवावा, म्हणजे तो गुंतत नाही. हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नये आणि मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, असू द्यावे. गाठ किनारीच्या घडीत लपवून किनारीच्या आतल्या कडेवरून पहिला फेरा सुरू करावा. सुई सरळ खाली, तळाच्या बोटाला तिचे टोक जाणवताच लगेच वर, असे तीन-चार टाके सुईवर जमले की दोरा ओढावा. इंचाला चार टाके पुरेत; टाके लहान असण्यापेक्षा सारखे असणे बरे. दोरा कचकन ओढला तर कापड चुण्या धरते, म्हणून ओढल्यावर तळव्याने ती जागा सपाट करून घ्यावी. पहिला फेरा कोपऱ्याशी परत येण्याआधी एक इंच आत वळावे आणि तसेच आत आत येत जावे. किनारीवर आणखी एक ओळ वेगळी घालावी. एकूण धाव सुमारे 29 मीटर होते, म्हणजे दुहेरी दोऱ्याला साठेक मीटर हाताशी ठेवावेत.

शिवून झाल्यावर गोधडी इंचभर आखडते. मध्यभागी जेमतेम आठ इंचांची एक सरळ रेघ उरते. ती पुरी करून दोऱ्याचे टोक थरांच्या आत ओढून कापावे आणि त्यानंतरच कच्चे टाके उसवावेत.