मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया बघताना: नजर घड्याळावर, हाताशी वही

स्वयंपाकाच्या स्पर्धा टीव्हीवर बघताना चव काही आपल्यापर्यंत पोचत नाही. परीक्षकांचे चेहरे वाचत बसलं, तर भाग संपल्यावर हाती काहीच उरत नाही. बघायचे असतात ते स्पर्धकाचे हात आणि घड्याळ. 2009 साली सुरू झालेला ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ यासाठी फार चांगला, कारण त्यात उतरणारे बहुतेक जण घरी रांधणारे असतात. त्यांच्या चुका आपल्याही स्वयंपाकघरात होतात.

आधी फेरी कोणती ते बघा. मिस्टरी बॉक्समध्ये जिन्नस सगळ्यांना सारखेच मिळतात, त्यामुळे कोण काय निवडतं आणि काय बाजूला ठेवतं, ते टिपा. प्रेशर टेस्टमध्ये एखाद्या नामांकित शेफचा पदार्थ कृतीबरहुकूम करायचा असतो. शिकायला हीच फेरी उत्तम: कृती एकच, म्हणजे फरक फक्त हाताचा.

वेळ जाहीर झाली की ती वहीत लिहा आणि उलटं मोजत या. समजा 75 मिनिटं आहेत आणि कुणी आइस्क्रीम करायला घेतलंय. अंड्याचं कस्टर्ड साधारण 82 ते 84 अंश सेल्सियसला दाट होतं. त्यावर गेलं की अंडं शिजून गुठळ्या होतात. मग ते बर्फावर पूर्ण गार करायचं, यंत्रात 20 ते 30 मिनिटं घुसळायचं आणि पुन्हा गोठवायचं. शेवटची पंचवीस मिनिटं उरली असताना कस्टर्ड अजून चुलीवरच असेल, तर ताटलीत आइस्क्रीमचं तळं होणार हे आधीच ओळखता येतं. घाईत कोमट कस्टर्ड यंत्रात ओतलं तर आणखी वाईट, कारण भांड्याचा गारवा ते गार करण्यातच संपतो. रिसोटोला, म्हणजे इटालियन पद्धतीच्या मऊ भाताला, 18 ते 20 मिनिटं लागतात. शेवटच्या बारा मिनिटांत तो सुरू केला, तर तांदळात कणी राहणारच.

पॅना कोटाच्या (जिलेटिन घालून सेट केलेल्या क्रीमच्या इटालियन गोड पदार्थाच्या) बाबतीत मात्र टीव्हीवरच्या वेळेवर जाऊ नका. स्टुडिओत झटपट गार करणारा ब्लास्ट चिलर असतो. घरच्या फ्रिजमध्ये चार तास तरी धरा. त्यात कच्चा अननस किंवा पपई घातली, तर रात्रभर ठेवूनही सेट होणार नाही. त्यांतली एन्झाइम जिलेटिनमधली प्रथिनं तोडतात. फळ आधी चांगलं उकळून घेतलं की हा त्रास जातो.

न चाखताही बरंच कळतं. कापलेल्या मांसाभोवती लाल रस साचला, म्हणजे भाजल्यावर ते 5 ते 10 मिनिटं मुरू दिलेलं नाही. सॉसच्या कडेला तेल सुटलं, म्हणजे तो फुटला. मासा तव्यावर ठेवताना आवाज नीट ऐका: चर्र झालं नाही, तर तवा पुरेसा तापलेला नाही किंवा कातडी ओली आहे, आणि ती चिकटणार. शू पेस्ट्री (एक्लेअरचं फुगलेलं, पोकळ कवच) बाहेर काढल्यावर बसली, तर बहुधा आतला ओलावा जायच्या आधीच ओव्हन उघडला गेलाय. साखरेचा पाक थर्मामीटरवर 118 अंशांच्या आसपास नेतात, तो आपला गोळीबंद पाक. पाण्यात थेंब टाकून गोळी होते का, हे घरी बघता येतं.

स्पर्धकांचं मध्येमध्ये येणारं ‘आता मी हे करतोय’ हे निवेदन नंतर चित्रित केलेलं असतं. त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नका. त्यापेक्षा भाग दुसऱ्यांदा बघा, तोही एकाच स्पर्धकाचं टेबल धरून. पहिल्या दहा मिनिटांत त्याने काय चढवलं आणि काय नुसतं चिरत बसला, तेवढं लिहिलं तरी पुरे.

पदार्थ घरी करून बघायचा असेल, तर मापं आधी तपासा. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून 20 मिलिलिटरचा, तर आपल्याकडच्या मापांच्या सेटमधला बहुधा 15 चा. मीठ, सोडा, जिलेटिन यांत हा फरक चांगलाच जाणवतो. कप 250 मिलिलिटरचा. तिथलं थिकन्ड क्रीम साधारण 35 टक्के स्निग्धांशाचं असतं. आपल्याकडे पाकिटात मिळणारं 25 टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. व्हिपिंग क्रीमच आणा. पंख्याचा ओव्हन असेल, तर साध्या ओव्हनसाठी दिलेलं तापमान 20 अंशांनी कमी करा. आणि कॅरमेलच्या तारांचं जाळं मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात करायचं, तर वाढण्याच्या अगदी ऐन वेळीच करा, कारण दमट हवेत साखर पाणी ओढून घेते आणि तारा बघता बघता चिकट होऊन खाली बसतात.