तीन पाळ्यांच्या कारखान्यात कामगारांवरचा ताण कसा कमी करावा

पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यात ताणाचं मूळ बहुतेक वेळा पाळ्यांच्या तक्त्यात असतं. योगशिबिर जरूर भरवा, पण ज्याला आठवड्यात दोनदा डबल ड्यूटी पडते त्याला आधी झोप हवी.

सुरुवात मागच्या तीन महिन्यांच्या हजेरीपटापासून करा. डबल ड्यूटी कुणाला किती पडल्या, साप्ताहिक सुट्टी कुणाची बुडाली, दांड्या कोणत्या खात्यात आणि कोणत्या पाळीला जास्त, हे मोजा. गेटवरच्या वेळाही पाहा, कारण पटावर आठ तास लिहिलेला माणूस दहा तासांनी बाहेर पडलेला दिसतो. मग प्रत्येक खात्यातल्या पाच-सहा जणांशी सुपरवायझरला बाजूला ठेवून बोला. कंत्राटी कामगारांना वगळू नका; सगळ्यात अडचणीच्या पाळ्या बऱ्याचदा त्यांच्याच वाट्याला येतात. नाव लिहायला लावणारा फॉर्म देऊ नका, त्यावर खरं कुणी लिहीत नाही.

आता तक्ता. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवा. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं जड जातं. रात्री ११ ला सुटलेल्याला सकाळी ७ ला बोलावलं, तर मध्ये आठच तास उरतात. येण्याजाण्याचे दोन आणि जेवण-अंघोळीचा एक वजा केला की झोपेला पाच. दोन पाळ्यांमध्ये निदान ११ तास ठेवाच.

रात्रपाळीनंतरच्या सुट्टीत हमखास चूक होते. रविवारी सकाळी ७ ला सुटून सोमवारी सकाळी ७ ला हजर, ही कागदावर सुट्टी आहे. तो दिवस झोपेतच जातो. रात्रीचा आठवडा पाच रात्रींचा करा आणि सुटल्यापासून ४८ तास द्या. पगार मात्र कापू नका.

यासाठी माणसं किती लागतील ते आधी मांडा. दहा मशीन, तीन पाळ्या, सातही दिवस काम, म्हणजे आठवड्याला २१० ड्यूट्या. एक माणूस सहा करतो, म्हणून ३५ जण लागतात. दहातला एक रजेवर किंवा आजारी धरला तर ३९. रात्री पाचच ठेवल्या तर ४१-४२. पटावर ३२ च असतील, तर डबल ड्यूटी टळणारच नाही; सुपरवायझर कितीही चांगला असो, तो रोज कुणाला तरी थांब म्हणून विनवणारच.

सलग दोन पाळ्या म्हणजे १६ तास. कायद्याच्या रोजच्या मर्यादेत ते बसत नाही, आणि पहाटे प्रेस मशीनवर बोटं जातात ती अशाच थकव्यात. रिलीव्हर, म्हणजे पाळी हातात घ्यायला येणारा माणूस, आलाच नाही, तर आधीच्या पाळीचा चार तास थांबेल आणि त्याच्यानंतरच्या पाळीचा चार तास लवकर येईल, अशी विभागणी करा. हीसुद्धा केवळ नाइलाज म्हणून. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या, घरी सोडायला गाडी द्या, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा थांबवू नका.

तक्ता निदान १५ दिवस आधी लावा आणि आपसात पाळी बदलण्यासाठी एक वही ठेवा. गणपती आणि गावच्या जत्रेच्या रजा बऱ्याच आधी ठरवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकणात जाणाऱ्याला त्याआधी होकार मिळाला नाही, तर तिकीट जातं आणि मग तो न सांगता जातो.

टार्गेटमधून मशीन बंद पडल्याचा आणि माल उशिरा आल्याचा वेळ वजा करा. तो वेळ कारणासकट ऑपरेटरनेच लिहावा. सुपरवायझरने लाइनवर चारचौघांत ओरडायचं नाही, हा नियम मालकानेही पाळायचा.

एखादा माणूस अचानक गप्प झाला, चुका वाढल्या, चिडू लागला, तर त्याला वेगळ्या खोलीत बसवून वीस मिनिटं ऐका. टेली मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो पगाराच्या चिठ्ठीवर छापा. फोन त्याने स्वतः, एकट्याने करावा, आणि त्याची नोंद कारखान्यात कुठेही होऊ नये. जीव देण्याची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. उपचारानंतर तो परतला, की डॉक्टर हो म्हणेपर्यंत रात्रपाळी नको.

तीन महिन्यांनी तोच हजेरीपट पुन्हा मोजा. डबल ड्यूट्या कमी दिसल्या तर ठेकेदाराचं रजिस्टरही मागवा. कधीकधी त्या फक्त तिकडे सरकलेल्या असतात.