कर्नेलला पहिला पॅच पाठवण्याआधी

गिट, सी आणि कर्नेल बिल्ड करणं जमतंय असं धरून चालते. लिनक्स कर्नेलमध्ये पहिल्या पॅचसाठी (म्हणजे कोडमधल्या बदलासाठी) बहुतेक जण ड्रायव्हर्स/स्टेजिंगकडे, म्हणजे अजून कच्च्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरकडे वळतात, तेही ठीक. कोडची शैली तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवायची, गेट-मेंटेनर स्क्रिप्ट त्या भागाच्या मेंटेनरांची, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्यांची, जी नावं देईल त्यांना पाठवायचं. इथवर कुणीही पोचतं. घोडं पेंड खातं ते पाठवताना.

इथे पुल रिक्वेस्टचं बटण नाही. पॅच ईमेलने जातो, आणि मेलचा मजकूर हाच पॅच. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये डिफ पेस्ट केलात की पॅच गेला कामातून. तिथे टॅबचे स्पेस होतात, लांब ओळी मधेच तुटतात. कर्नेलचं इंडेंटेशन टॅबचं, 8 अक्षरं रुंद. एका टॅबच्या जागी 8 स्पेस आले तर स्क्रीनवर काडीचाही फरक दिसत नाही, पण मेंटेनरने मेलमधला पॅच कोडला लावायला ‘गिट एएम’ चालवलं की आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत आणि ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ येतं. तुम्ही मात्र लॉजिकमध्ये खोट शोधत बसता. मी तेच केलं, रात्री घालवल्या, आणि आपल्याला हे झेपणार नाही असं मनात पक्कं होऊ लागलं होतं. कोड बरोबर होता हो!

म्हणून पॅच थेट टर्मिनलवरून मेल करणारं ‘गिट सेंड-ईमेल’च वापरा. खातं जीमेलचं चालतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढा, एसएमटीपीचा पोर्ट 587. पॅच आधी स्वतःलाच पाठवा. आलेला मेल ‘शो ओरिजिनल’मधून जसाच्या तसा उतरवून घ्या आणि कोऱ्या ब्रँचवर ‘गिट एएम’ने लावून बघा. लागला नाही तर ‘कॅट’ला कॅपिटल ए देऊन फाइल तपासा: खरा टॅब कॅरेट-आय असा दिसतो, स्पेस नुसती मोकळी जागा. मशीन बदललं, मेलचं खातं बदललं, की पुन्हा हेच. ऑफिसच्या मेलखाली आपोआप चिकटणारी गोपनीयतेची तळटीपही इथे चालत नाही.

पैसे घेऊन ‘कॉन्ट्रिब्यूटर’ करून देणाऱ्या कोर्सच्या नादी लागू नका. नुसती स्पेलिंगं दुरुस्त करून रेझ्युमे भरणंही मला पटत नाही. त्याने रिव्ह्यूअरचा वेळ जातो आणि तुम्हाला सबसिस्टिम कळत नाही ती नाहीच. मेंटॉरची वाट बघत बसण्यापेक्षा लोरवरच्या, म्हणजे कर्नेलच्या मेलिंग लिस्टच्या ऑनलाइन संग्रहातल्या, जुन्या चर्चा वाचा. एखाद्या ड्रायव्हरचा पॅच पहिल्या आवृत्तीपासून स्वीकारला जाईपर्यंत कसा बदलत गेला ते सलग वाचलंत, की रिव्ह्यूअर काय बघतात ते आपोआप कळतं. माझा खरा गुरू तोच.

पॅचच्या वर्णनाखाली तुमच्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ असते, ती शोभेची नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही तिथे लिहून देता. 2004 पासूनचा नियम आहे. नोकरीत असाल तर आधी कंपनीला विचारा.

उत्तर आलं नाही तर घाबरू नका. निदान आठवडाभर थांबा, मर्ज विंडोचे, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी नवे बदल मुख्य कर्नेलमध्ये घेण्याचे, दोन आठवडे चालू असतील तर आणखी. एका ओळीचं तुटक उत्तर आलं तर तो नकार नव्हे, कुणीतरी तुमचा कोड वाचलाय. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याखाली तिथल्या तिथे उत्तर द्या आणि मग दुसरी आवृत्ती पाठवा. तिच्यात काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. तो मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही, त्यामुळे तिथे सविस्तर लिहायला हरकत नाही.