बागेसकट घर घेताय? तणाच्या बाबतीत या चुका टाळा

घर बघायला गेल्यावर आपण भिंतीला हात लावून ओल तपासतो, नळ सोडून बघतो, दारं-खिडक्या उघडझाप करतो. बागेत मात्र पायरीवर उभं राहून एक नजर टाकतो आणि परत फिरतो. बागेतलं आक्रमक तण घराइतकंच बारकाईने तपासायला हवं, कारण त्याचा जीव मातीखालच्या गाठींत, मुळांत आणि बियांत असतो. मालकाने वरचं कापून दिलं की बाग स्वच्छ दिसते. पाऊस पडला किंवा पाणी सुरू झालं की पंधरा दिवसांत खरं चित्र बाहेर येतं, आणि तोवर व्यवहार पुरा झालेला असतो.

बाग एकदाच आणि कोरड्या दिवसांत बघणं

उन्हाने तापलेल्या जमिनीत लव्हाळा, हरळी, गाजरगवत यांचा मागमूस लागत नाही. जमल्यास पावसानंतर दहा-बारा दिवसांनी दुसरी फेरी मारा. ते जमत नसेल तर मालकाची परवानगी घेऊन खुरप्याने चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खणून बघा: कुंपणाच्या कडेला, नळाजवळ, पालापाचोळ्याच्या ढिगाशी आणि बाहेरून माती आणून भर घातलेली असेल तिथे. भराव मातीचा खड्डा कधीच चुकवू नका. पुष्कळ बागांत तण शिरतं ते याच वाटेने.

मातीत करंगळीच्या पेराएवढ्या काळपट गाठी दोऱ्याने ओवल्यासारख्या एकीपाठोपाठ एक लागल्या, तर तो लव्हाळा. गाठ नखाने फोडा: आत पांढरट गर असतो आणि नागरमोथ्याचा वास येतो. वर कोंब असेल तर त्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा. तो गवतासारखा गोल लागत नाही, तीन कडा बोटांना जाणवतात. हरळीच्या मुळ्या याउलट पिवळट-पांढऱ्या, पेरापेरांच्या आणि चिवट दोरीसारख्या असतात. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ओळख इथेच पक्की करा.

एखाद्या कोपऱ्यातच नवी खडी, नवी फरशी किंवा प्लास्टिक अंथरलेलं दिसलं, तर त्याखाली काय होतं ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा साधंच असतं, पण विचारायचं राहू नये. कुंपणापलीकडेही डोकवा. शेजारच्या मोकळ्या जागेत घाणेरी, सुबाभूळ किंवा पसरणारा बांबू असेल, तर तुमची बाग आज कितीही नितळ असो, तुम्हाला दरवर्षी राखण करावी लागणार.

तोंडी आश्वासनावर विसार देणं

'ताबा देताना सगळं साफ करून देतो' या वाक्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच, की आदल्या दिवशी माणूस लावून गवत कापलं जाईल. त्यापेक्षा चार गोष्टी लेखी मागा: कोणतं तण आहे, किती जागेत आहे, त्यावर आजवर काय उपाय केले, आणि शेवटचा उपाय कधी केला. कोपऱ्यांचे तारखेसह फोटो काढा. बागकाम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून दोन हंगामांच्या खर्चाचा अंदाज घ्या आणि भाव ठरवताना तो समोर ठेवा. एकदाच्या सफाईचा आकडा उपयोगाचा नाही. ही तणं एका वर्षात संपत नाहीत. तेवढी रक्कम किमतीतून वजा होत नसेल, तर ती काही महिने राखून ठेवण्याची अट करारात घालता येते का, हे वकिलाला विचारा. थंड हवेच्या देशांत जपानी नॉटवीड (भूमिगत खोडातून पसरणारं चिवट तण) असलेल्या घरावर कर्ज मिळतानाही अडचण येऊ शकते. तिथे ही चौकशी आणखी आधी करावी.

ताबा मिळताच जेसीबी फिरवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. लव्हाळ्याच्या गाठी एका माळेत असतात, तेव्हा टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्या बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतःचा कोंब काढते. एका कोपऱ्यातलं तण यंत्राने बागभर पेरलं जातं. हरळीचं पेर असलेला प्रत्येक तुकडा रुजतो. नॉटवीडच्या भूमिगत खोडाचा नखाएवढा तुकडाही पुरतो. शिवाय यंत्राच्या चाकांना चिकटलेली माती पुढच्या आवारातही जाते.

खणायचंच असेल तर हाताने, भर उन्हाळ्यात आणि कोरड्या मातीत खणा. गाठी वर काढून कडक उन्हात दोन आठवडे पसरा. त्या पूर्ण सुकल्या की मरतात. मध्ये एक सर आली तर मेहनत वाया गेली समजा. सुकलेल्या गाठीही खताच्या खड्ड्यात टाकू नका.

लव्हाळा नुसता उपटत बसणं

उपटताना पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि आठवड्याभरात पुन्हा फुटते. उपटून फायदा एकाच प्रकारे होतो: नवी पात चार-पाच पानांची झाली की लगेच काढायची आणि हा क्रम एकदाही न चुकवता पूर्ण हंगाम चालवायचा. मग गाठीतला साठा हळूहळू आटतो. महिनाभर दुर्लक्ष झालं की नव्या गाठी धरतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काळं पातळ प्लास्टिक इथे कुचकामी आहे, कारण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा वर येऊन ते भोकसतो. दाट सावली मात्र त्याला मानवत नाही आणि हरळीलाही नाही. म्हणून त्या भागात लॉनचा हट्ट सोडून पसरट, दाट पानांची झुडपं लावणं हा आमच्या मते सगळ्यांत टिकाऊ उपाय.

औषध मारलं पण तण मेलं नाही

ग्लायफोसेटसारखं तणनाशक औषध हिरव्या पानातून आत शिरतं आणि अन्नरसाबरोबर मुळापर्यंत उतरतं. तण आधी कापून मग फवारलं तर औषध घ्यायला पानंच उरत नाहीत. पाण्यावाचून सुकलेल्या तणातही ते खाली जात नाही. तण जोमात वाढत असताना, फुलोऱ्याच्या सुमारास फवारा. गढूळ पाणी वापरू नका. हे औषध मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. फवारणीनंतर निदान सहा तास पाऊस नको. मात्रा वाढवून फायदा नाही: पानं झटपट करपतात, औषध गाठीपर्यंत पोचतच नाही. मात्रा डब्यावरच्या पत्रकाप्रमाणेच घ्या, आणि घरच्या बागेत ते वापरायची परवानगी आहे का हेही आधी बघा. विहिरीच्या कडेला फवारू नका.

सगळ्या तणांना एकच उपाय लावणं

गाजरगवत फुलल्यावर कापायचं यंत्र फिरवू नका. एका झाडाला 15,000 ते 25,000 बिया येऊ शकतात आणि परागांमुळे अंगाला खाज, पुरळ, काहींना दम्याचा त्रास होतो. ते जमिनीलगत पानांचं चक्र असतानाच, ओल्या मातीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटवे येतात. खोड जिथे जमिनीत शिरतं त्याच्या 3 ते 5 सेंटीमीटर खाली मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे फांद्या मातीला टेकून रुजणार नाहीत. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची दोन वर्षं रोपं शोधत राहा. सुबाभळीचं बी तर मातीत दहा वर्षांहूनही अधिक टिकतं. शेंगा वाळण्याआधीच झाड काढा.

पसरणाऱ्या बांबूची ओळख सोपी: मूळ बेटापासून मीटर-दोन मीटरवर एकटाच कोंब वर आलेला असतो. तो थोपवायला 60 ते 75 सेंटीमीटर खोल चर काढून एचडीपीई या टणक प्लास्टिकचा जाड पत्रा उभा पुरतात, वरचा काठ जमिनीवर 5 सेंटीमीटर ठेवून. चूक होते ती पत्र्याच्या जोडावर. दोन टोकं नुसती एकमेकांवर ठेवली तर बांबू तिथूनच बाहेर पडतो. पट्टी लावून बोल्टने आवळावी लागतात. वर्षातून एकदा काठाशी फिरून, पत्रा ओलांडणारी मुळं कापा.

बियांपासून येणाऱ्या तणासाठी उन्हाळ्यात जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने बंद करून चार ते सहा आठवडे ठेवा. काळं नको: पारदर्शक कागदातून ऊन थेट मातीला तापवतं. वरच्या थरातल्या बऱ्याच बिया याने मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर मात्र याचा भरवसा धरू नका.

पहिल्याच वर्षी लॉन, फरशी आणि कारंजं

तणाचा बंदोबस्त होण्याआधी लॉन अंथरलं, तर पुढे लॉनमधून लव्हाळा वेगळा काढणं जवळपास अशक्य होतं. पहिला पूर्ण हंगाम जमीन उघडी ठेवा, फुलझाडांची हौस कुंड्यांत भागवा. कुंडीतली रोपं विकत घेताना मातीचा गोळा बाहेर काढून बघा. रोपवाटिकेच्या मातीतूनही लव्हाळ्याची गाठ घरी येते. बागेचा साधा नकाशा काढून जिथे जिथे कोंब दिसेल तिथे तारीख लिहा. सलग एक पूर्ण हंगाम एखाद्या चौकोनात नवी तारीख पडली नाही, की त्या चौकोनात लॉन अंथरायला हरकत नाही.