जुना फ्लॅट घेताय? खालच्या घराचं छतही बघून या

ठाणे-डोंबिवलीकडे पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट मनात भरला असेल, तर त्याची एक तरी फेरी जुलै-ऑगस्टात, पावसाची झड लागलेली असताना करा. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या ठणठणीत असतात. आत गेल्यावर ताजा रंग कुठे आहे ते आधी बघा. सगळं घर रंगवलेलं असेल तर ठीक, पण छताचा एकच कोपरा चकचकीत असेल तर तिथेच का, हे मालकांना सरळ विचारा. बाहेरच्या बाजूच्या भिंतींना तळहात लावा, कपाट थोडं पुढे ओढायला सांगा. ओल, पोपडे आणि पांढरा खार बहुतेक वेळा त्याच्यामागेच सापडतो. फॉल्स सीलिंग असेल तर एखादा दिवा काढून मोबाईलच्या टॉर्चने वरचा मूळ स्लॅब बघायचाच. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या आडव्यातिडव्या रेषा बहुधा किरकोळ असतात. बीमच्या लांबीला धरून सरळ गेलेली भेग मात्र गंभीर समजा, कारण आतली सळई गंजून फुगली की काँक्रीट तिच्याच रेषेत फुटतं. अशी भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. ते नहाणी ट्रॅपकडे वाहतं की कोपऱ्यात साचतं, ते थांबून बघा. लाद्यांवर किल्लीने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलाय.

मग जिना उतरून खालच्या घराची बेल वाजवा. संकोच वाटतो, म्हणून बहुतेक लोक हे टाळतात आणि तिथेच फसतात. तुमच्या होणाऱ्या बाथरूमची खरी हकीकत खालच्यांच्या छतावर लिहिलेली असते: तपकिरी कडांची वर्तुळं, सुटलेलं प्लास्टर, पाइपाभोवती हिरवट ओल. "काकू, आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, जरा बाथरूमचं छत बघू का?" एवढंच विचारा. गळती असेल तर किती वर्षांची, कोण किती वेळा येऊन काय लिंपून गेलं, सगळं कळेल. आणि हे कळायलाच हवं, कारण संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च सहसा सोसायटी नाही, वरचा सदनिकाधारक उचलतो. घरासोबत ते भांडणही तुमच्या नावावर होतं. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असेल तर गच्चीही बघा.

लाकडी चौकटी तळाशी ठोकून वाळवी तपासा, ईएलसीबीचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून तो पडतो, म्हणजे वीज बंद होते का ते पाहा. पाणी किती वाजता येतं आणि मे महिन्यात टँकर लागतो का, हे वॉचमनला विचारा.

सोसायटीच्या ऑफिसात मेन्टेनन्सची थकबाकी तर विचाराच, पण मालकांमार्फत गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तंही मागा. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला असेल तर माणशी लाखभराची वर्गणी तुमच्याच माथी येऊ शकते. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं; शेवटचा अहवाल हातात घेऊन वाचा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झालीय का, हेही तिथेच कळेल. आधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वकिलाकडून तपासून घ्या. पार्किंग "फ्लॅटसोबतच आहे" असं नुसतं तोंडी सांगत असतील तर सोसायटीचं वाटपाचं पत्र मागा. इमारतीखालचं, खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच म्हटलंय.

टोकन यानंतरच द्या, तेही चेकने, आणि पावतीवर लिहून घ्या: कागदपत्रांत किंवा इंजिनिअरच्या तपासणीत दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत.