ड्रोन उडवण्याआधी: मराठवाड्यात परवानगी कुठं लागते, कुठं नाही

ड्रोनबद्दल गावोगाव दोन समजुती ऐकू येतात. एक, पोलिसांच्या परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही. दुसरी, आपल्या वावरात आपण काहीही उडवावं, विचारणारं कोण? दोन्ही चूक. केंद्र सरकारचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले. ते आधीच्यापेक्षा बरेच मोकळे आहेत, पण ही मोकळीक ठिकाण, उंची आणि वजन या तीन गोष्टींवर ठरते.

सुरुवात ठिकाणापासून. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत दिलेला आहे. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, उड्डाणासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची लागते. लाल भागासाठी थेट केंद्र सरकारची लागते, त्यामुळे लग्नाच्या शूटिंगसाठी त्या वाटेला जाऊच नये. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर गेलात की पिवळं सुरू होतं.

खरी गफलत विमानतळाजवळ होते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरचा भाग जमिनीपासूनच पिवळा असतो, त्याच्या आतला बहुतेक लाल. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. अंतर मोजायचं ते कुंपणापासून. बरेच जण मोबाइलवर टर्मिनलच्या इमारतीपासून मोजतात, आणि धावपट्टीचं दुसरं टोक दोन-अडीच किलोमीटर पुढं असतं हे विसरतात. चिकलठाणा विमानतळामुळे छत्रपती संभाजीनगरचा मोठा भाग या हिशेबात येतो. नांदेडचा विमानतळ तर शहराला लागूनच आहे. तिथल्या मंगल कार्यालयाची सुपारी घेताना भाग लाल नाही ना ते आधी बघा, पिवळा असेल तर परवानगीचे दिवस धरूनच तारीख द्या. लातूर, धाराशिवच्या धावपट्ट्यांजवळ अंदाजानं चालू नका, नकाशा उघडा.

फवारणीवाल्यांचा इथं एक गैरसमज असतो: ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरच तर चालतो, मग विमानाशी काय संबंध? पण ८ किलोमीटरच्या आत पिवळा किंवा लाल भाग जमिनीपासूनच सुरू होतो. तिथं गुडघाभर उंचीलाही परवानगी लागते.

नकाशा हिरवा दिसला म्हणजे सगळं मोकळं असंही नाही. अजिंठा, वेरूळ, देवगिरी किल्ला आणि बीबी का मकबरा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथं त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे पैठणला प्री-वेडिंगचा बेत असेल तर वन विभागाला आधी विचारा.

आता वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. वजन मोजायचं ते बॅटरी आणि वर लावलेल्या सगळ्या सामानासकट. २४९ ग्रॅमचा ड्रोन म्हणून विकत घेतलेल्या यंत्राला पंख्यांचं संरक्षक जाळं किंवा मोठी बॅटरी लावली की तो मायक्रोत जातो, आणि नियम बदलतात. किचनच्या डिजिटल काट्यावर एकदा सगळ्या सामानासकट ठेवून बघा.

नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही. पैसे घेऊन उडवला की लागतं. लग्नाचं शूटिंग हे पैशाचं काम आहे, ‘मित्राच्या बहिणीचं लग्न’ म्हणून पोलिसांना पटवता येत नाही. दहा लिटरच्या टाकीचा फवारणी ड्रोन साधारण स्मॉल गटात बसतो, म्हणून स्वतःच्या वावरातही प्रमाणपत्र हवंच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. पासपोर्टची अट सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. मतदार कार्ड, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. कोणी अजूनही पासपोर्टच्या नावाखाली जादा पैसे मागत असेल तर उठून या.

यंत्राची नोंदणी फॉर्म डी-२ वर होते, शुल्क १०० रुपये. ड्रोन, त्यातलं उड्डाण नियंत्रक आणि हातातला रिमोट, तिन्हींचे सिरियल नंबर लागतात. अडतं ते इथंच: नॅनो सोडून ज्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचं प्रमाणपत्र, नाही त्याला नोंदणी क्रमांक मिळत नाही. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे बिनबिलाचा स्वस्त माल घेतला तर तो कधीच नोंदला जाणार नाही. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे टाइप सर्टिफिकेटचा नंबर मागा. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना थर्ड पार्टी विमाही लागतो.

उड्डाणाच्या दिवशी नकाशा पुन्हा बघा. आदल्या आठवड्यात पाहिलेला चालत नाही. मोठ्या नेत्याचा दौरा, मोर्चा किंवा तणाव असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतो. एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास, आणि क्षेत्र अवाजवी मोठं नसावं असं नियमच सांगतो. शिवाय जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा जमावबंदीसारखा मनाई आदेश वेगळा असू शकतो. तो नकाशावर दिसेलच असं नाही, म्हणून पोलीस ठाण्यात फोन करून विचारा.

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि संभाजीनगरच्या गावांत रात्रीच्या ड्रोनची धास्ती पसरली होती, लोक काठ्या घेऊन जागत होते. ती आठवण अजून गेलेली नाही. म्हणून हिरव्या भागात कायद्यानं बंधन नसलं तरी पोलीस पाटील आणि सरपंचांना आदल्या दिवशी सांगा आणि ठाण्यात तारीख, वेळ, नोंदणी क्रमांक लिहून द्या. ही परवानगी नव्हे, माहिती आहे. अर्जात ‘परवानगी मिळावी’ असं लिहिलंत की ती मिळेपर्यंत तुम्हीच अडकता. अंधार पडल्यावर गावावरून ड्रोन नेऊच नका.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. सिग्नल तुटल्यावर परत येण्याची उंची: २०० फुटांच्या पट्ट्यात ती ६० मीटरच्या आत ठेवा, नाहीतर ड्रोन आपोआप वर चढून नियम मोडतो. त्याच वेळी ती पाण्याची टाकी आणि मोबाइल टॉवरच्या वर हवी. दोन्ही जमत नसेल तर जागा बदला. दुसरं, ॲपवरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नाही. मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावरून दरीत नेलात तर ॲप १०० मीटर दाखवेल आणि प्रत्यक्षात तुम्ही ४०० फुटांच्या केव्हाच पुढं गेलेले असाल.

लोखंडी ट्रसच्या पेंडॉलशेजारून किंवा स्लॅबवरून उडवू नका, होकायंत्र बिघडतं. बऱ्याच कॅमेरा ड्रोनची तापमानाची मर्यादा ४० अंशांची असते. मे महिन्यात दुपारी ती जमिनीवरच ओलांडलेली असते, म्हणून शूटिंग सकाळी नऊच्या आत उरका. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

पोलिसांनी अडवलं तर नोंदणी, प्रमाणपत्र, विमा आणि त्या दिवशीच्या नकाशाचा स्क्रीनशॉट दाखवा. सगळं छापून ठेवा. गावात नेट ऐनवेळी जातं. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड आहे. अपघात झाला तर ४८ तासांत पोर्टलवर कळवायचं. आणि ड्रोन विकलात तर डी-३ फॉर्म भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करा; तोवर त्या यंत्राच्या नंबरापुढं तुमचंच नाव असतं.