क्रूझची केबिन आणि बोट लागण्याचा त्रास: नागपूरकरांनो, या चुका टाळा

आपल्याकडे आता क्रूझचं वेड चांगलंच रुजलं आहे. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो की मुलीच्या बारावीनंतरची सुट्टी, शिमला-मनालीच्या जागी मुंबई-गोवा क्रूझ नाहीतर सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची सफर ठरते. एजंटासमोर बसून तासभर चर्चा होते ती व्हेज जेवण मिळेल का, वायफायचे पैसे वेगळे का, यावर. आपली केबिन जहाजाच्या कुठल्या भागात आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. मग पहिल्या संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे पडले की अर्धं कुटुंब पलंगावर आडवं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या उशाशी बसतं.

जास्त पैसे भरले की त्रास कमी, हा हिशेब जमिनीवर चालतो. जहाजावर बऱ्याचदा महागडी केबिनच जास्त हलते.

सगळ्यात वरची आणि पुढची केबिन घेणं

समुद्रावर जहाज बाजूंना डोलतं, त्याचं नाक आणि शेपूट आळीपाळीने वरखाली होतं, आणि मोठ्या लाटेवर अख्खं जहाजच उचललं जाऊन खाली बसतं. या सगळ्या हालचाली कमीत कमी जाणवतात ती जागा म्हणजे जहाजाचा मध्य, आणि त्यातही खालचे डेक, म्हणजे मजले. मध्यापासून टोकाकडे सरकाल तसं वरखाली होणं वाढतं, वर चढाल तसं डोलणं वाढतं. एस.टी.च्या मागच्या सीटवर बसलेला खड्ड्यागणिक उडतो आणि मधल्या सीटवरचा निवांत घोरत असतो, तोच हा प्रकार.

एजंट हमखास म्हणतो, ‘सर, स्टॅबिलायझर आहेत, काही हलत नाही.’ स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली असलेले पंख. ते बाजूंचं डोलणं बरंच आवरतात, पण पुढच्या-मागच्या टोकांची उचल-आपट त्यांच्या आवाक्यातली नाही. पोट ढवळतं ते याच उचल-आपटीने. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला कळवतो की आपण हलतोय. डोळ्यांना समोर भिंत, आरसा, टीव्ही सगळं जागच्या जागी दिसतं. दोघांचं जुळत नाही आणि शिक्षा होते पोटाला. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली अशी संथ लय सगळ्यात वाईट. विदर्भ एक्स्प्रेसचे धक्के भराभर बसतात, त्यात सहसा कोणाला ओकारी येत नाही. म्हणून ‘मला रेल्वेत काही होत नाही’ या भरवशावर राहू नका. फुटाळ्यावर किंवा खिंडसीला बोटीत बसलो होतो, हाही पुरावा नव्हे.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना चिखलदऱ्याच्या घाटातसुद्धा गाडी लागते. त्यांच्यासाठी मोबाइलवर जहाजाचा डेक प्लॅन उघडला, तर त्यांचं बोट थेट सगळ्यात वरच्या डेकच्या पुढच्या टोकावर गेलं. ‘हे घे नं, समोरून सगळं दिसते.’ मी खालच्या डेकवरची, मधल्या लिफ्टजवळची खोली दाखवली. ‘बाप्पा! तिथं काहून? खाली त अंधार राहत असन.’ अंधार नसतो. प्रवाशांच्या खालच्या डेकवरही खिडकीच्या खोल्या असतात, आणि वरच्या बाल्कनीपेक्षा स्वस्त. काकू शेवटी तयार झाल्या, त्या पैशांकडे बघून.

डेक प्लॅन कंपनीच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतो. केबिनच्या नंबरातला पहिला आकडा बहुतेक वेळा डेकचा असतो आणि पुढचे आकडे जहाजाच्या नाकाकडून शेपटाकडे वाढत जातात. मधली खोली हेरली की तिच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. वर स्विमिंग पूल असला की भल्या सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली डिस्को असला की मध्यरात्र उलटेपर्यंत ढमढम. नकाशात कोरी पांढरी जागा दिसली तर ती रिकामी समजू नका. तिथे स्वयंपाकघर, भांडार, कर्मचाऱ्यांची ये-जा असं काहीतरी चाललेलं असतं. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्यांचीही खूण नकाशात असते. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर ती सोय, नाहीतर पलीकडच्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. अगदी मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर जाणवते, अगदी पुढच्या टोकाला नांगर टाकताना साखळीचा खडखडाट. काही खिडक्यांसमोर लाइफबोट लटकलेली असते. अशा खोल्या स्वस्त मिळतात, पण घरून सांगून ठेवलेले फोटो निघणार नाहीत.

‘गॅरंटी’ आणि ‘फ्री अपग्रेड’ला भुलणं

गॅरंटी केबिन म्हणजे प्रकार तुमचा, जागा कंपनीच्या मर्जीची. बाल्कनी ठरली तर बाल्कनी मिळेल, पण ती पुढच्या टोकाला असू शकते. ज्याला घाटात काहीही होत नाही त्याने खुशाल घ्यावी, पैसे वाचतात. ज्याला गाडी लागते त्याने नंबर ठरवूनच बुकिंग करावं.

अपग्रेडचंही तेच. निघायच्या आठवड्यात फोन येतो, ‘मॅडम, तुम्हाला खिडकीवरून बाल्कनीला अपग्रेड केलंय, फुकट!’ घरात आनंदीआनंद. नवा नंबर डेक प्लॅनवर शोधल्याशिवाय हो म्हणू नका. मधली खिडकी सोडून टोकाची बाल्कनी मिळत असेल तर तो सौदा तोट्याचा. नको असेल तर ‘आम्हाला अपग्रेड नको’ असं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवून ठेवा.

खिडकी म्हणजे इलाज समजणं

दूरच्या क्षितिजाकडे बघितलं की मळमळ कमी होते, हे खरं आहे. डोळ्यांनाही हालचाल कळते आणि कानाशी त्यांचं भांडण मिटतं. पण सूर्य मावळल्यावर खिडकीबाहेर फक्त काळोख असतो, आणि क्रूझवर केबिनमधला वेळ प्रामुख्याने रात्रीचा. तेव्हा उपयोगी पडते ती जागा. पुढच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा मधली, खालची, बिनखिडकीची केबिन मी केव्हाही घेईन. दिवसा बाहेर उघड्या डेकवर जावं, रात्री आडवं होऊन डोळे मिटावेत. एक अडचण मात्र आहे: बिनखिडकीच्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही आणि काहींना कोंडल्यासारखं होतं. घरात कोणाला बंद लिफ्टची धास्ती असेल तर त्यांच्यासाठी खिडकी घ्याच.

मेडिकलमध्ये जाऊन ‘उलटीची गोळी द्या’ म्हणणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. काउंटरवरून बहुधा ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोनची पट्टी हातात पडते. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर ती औषधं घरोघरी दिली जातात, पण बोट लागण्याचं मूळ आतल्या कानात आहे आणि तिथे त्यांचा विशेष उपयोग होत नाही. इथे लागतात वेगळी औषधं: प्रोमेथाझिन (घाटात जाणाऱ्यांना माहीत असलेली ॲव्होमिन हीच), सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट. स्कोपोलामिनची कानामागे लावायची चिकटपट्टीही असते. ती निदान चार तास आधी लावावी लागते, तीन दिवस चालते, आणि लावल्यावर हात न धुता डोळे चोळले तर दिसणं धूसर होतं.

कुठलीही गोळी घ्या, ती जहाज हलायच्या आधी पोटात गेली पाहिजे. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी तशीच पडून राहते किंवा उलटीबरोबर बाहेर येते. ‘बघू, होऊन राहिलं त घेऊ’ म्हणणारे भाऊ नेमके बाथरूममध्ये सापडतात. निघण्याच्या तास-दोन तास आधी, आणि ज्याला हमखास त्रास होतो त्याने आदल्या रात्रीपासून, असा साधारण क्रम असतो.

या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. म्हणून एखाद्या रविवारी घरीच एक घेऊन बघा, किती गुंगी येते ते. गोळी आणि दारू एकत्र नको. पॅकेजमध्ये फुकट असली तरी नको. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, कंपवात, गर्भारपण यांपैकी काही असेल, किंवा आजी-आजोबांच्या बीपी-झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचं नाही. त्या वयाच्या बाळांना बोट लागतही नाही फारशी; खरा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना होतो. अर्धशिशी असणाऱ्यांनीही स्वतःला जोखमीतलेच समजावं.

आल्याबद्दल विचारणा होतेच. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. आलेपाकाच्या वड्या सोबत ठेवायला हरकत नाही, पण गोळीच्या जागी नव्हे. मनगटावरच्या दाबपट्ट्यांचंही तसंच.

रिकाम्या पोटी राहणं, नाहीतर बुफेवर तुटून पडणं

उलटीच्या भीतीने उपाशी राहिलेल्याला लवकर मळमळतं. दर दोन-अडीच तासांनी थोडं खावं: टोस्ट, भात, केळं, मुरमुरे, घरचा सुका चिवडा. तेलकट-तिखटाचं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत नाव काढू नका. सावजीच्या रश्श्यावर पोसलेल्या पोटाला जहाजावरचं जेवण मिळमिळीत लागतं, म्हणून काही जण घरून तर्रीच्या मसाल्याची पुडी नेतात. न्या, पण पहिल्या रात्री उघडू नका.

रात्रभर जागून थेट जहाजावर चढणं

हा खास आपला, मुंबईपासून आठशेवर किलोमीटर दूर राहणाऱ्यांचा प्रश्न. रात्रीच्या रेल्वेने किंवा समृद्धीवरून बसने निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, बॅगा ओढत दादर-भुलेश्वरची खरेदी करायची आणि दुपारी बॅलार्ड पिअरच्या क्रूझ धक्क्यावर रांगेत उभं राहायचं. अपुरी झोप, ऊन आणि कमी पाणी एवढं झालं की बोट लागायला मोठी लाट लागत नाही. एक दिवस आधी पोचा. जमत नसेल तर निदान खरेदी परतीच्या दिवसावर टाका.

जूनमध्ये जाणं

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे ‘जूनमध्ये गर्दी कमी, दर कमी’ असा विचार इथे बरेच जण करतात. नागपुरात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, पण मुंबईत मान्सून पोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि अरबी समुद्र त्याच्या आधीच खवळू लागतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद ठेवतात, यावरूनच ओळखा. बोट लागणाऱ्यासाठी अरबी समुद्र नोव्हेंबरअखेर ते मार्च. पोरांच्या सुट्ट्या मे-जूनमध्येच असतील तर सिंगापूरहून पेनांगकडे जाणारी सफर बघा. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली असल्याने एरवी शांत असते.

जहाजाचा आकारही बघा. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारं एम्प्रेस हे १९९० सालचं जहाज २११ मीटर लांबीचं आहे, तर सिंगापूरची जेन्टिंग ड्रीम ३३५ मीटरची. लाट तीच असली तरी मोठं जहाज कमी हलतं. याच न्यायाने अंदमानला पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) नेणाऱ्या वेगवान बोटीत त्रास जास्त. तिथेही पुढची महागडी सीट सोडून खालच्या मजल्यावर मध्याच्या मागे बसा. लक्षद्वीपला जहाज किनाऱ्यापासून दूर थांबून प्रवाशांना लहान होड्यांतून नेतं, तेव्हा रात्रभर ठणठणीत असलेलेही गार होतात. त्या होडीत चढायच्या आधीची गोळी चुकवू नका.

‘होईल सवय’ म्हणून सोसत बसणं

सवय होते, पण तिला दोन-तीन दिवस लागतात, आणि आपली सहलच तेवढ्याची असते. काहींना ती होतच नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर फिरला आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत राहिली. ब्रिटिशांचा ॲडमिरल नेल्सनही त्यातलाच.

त्रास सुरू झालाच तर मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा. मधल्या भागातल्या उघड्या डेकवर जाऊन क्षितिजावर नजर ठेवा, किंवा पाठीवर पडून डोके स्थिर ठेवून डोळे मिटा. अत्तर, डिझेल, स्वयंपाकघराचा वास टाळा. शेजारी कोणी ओकत असेल तर तिथून उठा, मदतीला दुसऱ्या कोणाला पाठवा. ओआरएसची पाकिटं नागपूरहूनच न्या आणि घोट घोट प्या. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा म्हातारं माणूस सुस्तावलं असेल तर जहाजाच्या दवाखान्यात लगेच जा. तिथे इंजेक्शन देतात. त्याचं बिल चढं असतं, म्हणून प्रवास विमा घेतानाच त्यात जहाजावरचा वैद्यकीय खर्च धरला आहे का, हे वाचून घ्या.

घरी परतल्यावर आंघोळ करताना जमीन डोलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, बहुतेकांचं दोन दिवसांत थांबतं. महिना उलटूनही डोलणं राहिलं तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि क्रूझवरून आल्यापासून होतंय हे त्यांना आधी सांगा.